शेजारच्या खोलीतली गिटार

खर्डी,
रविवार, ९ नोव्हेंबर

भगीरथ,

वर 'प्रिय' लिहून खोडलंय. कागद फुकट घालवायचा नाय म्हणून तोच वापरतोय.

एक स्टेशन पलीकडे राहणाऱ्या माणसाला पत्र टाकतोय, लोक हसतील. हसू देत. उंबरमाळीला उतरून तुझ्या पाड्यावर चढायला मला पाऊण तास पुरे. पण मी येणार नाय. फोनही करणार नाय. भाऊबीजेला तुझा फोन आला तेव्हा तू सगळा वेळ पुटपुटत होतास. आधी कसा खणखणीत बोलायचास! माणूस पुटपुटायला लागला की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय. मी आपला हां हां करत राहिलो. आणि व्हॉट्सअपवर लिहिलेलं तू पुसून टाकशील. म्हणून पत्र. कागदावर आलेलं कोणाला नाकारता येत नाय.

सरळ विचारतो. आपल्या 'आवण' रेकॉर्डमधली माझी गिटार कुठे गेली?

तुला आठवत नसेल तर आठवण करून देतो. सहा गाणी. गाणारा नाय, ढोलकी नाय, फक्त दोन गिटार. एक तुझी, एक माझी. श्रावणात मुरबाडच्या भात भरडायच्या गिरणीला काम नसतं, म्हणून आपल्या रेकॉर्डिंगवाल्या अक्षयने तिच्या वरच्या माळ्यावर माइक लावले आणि आपल्या दोघांच्या मधे कोंड्याच्या गोण्यांची भिंत घातली, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात जाऊ नये म्हणून. तू एक सूर काढायचास आणि गप्प बसायचास. मी त्या वेळात चाळीस सूर काढायचो. अक्षय म्हणाला, "दादा, हीच तर मजा आहे, एक भरतोय नि एक रिकामा ठेवतोय." जॅझ की काय ते तू मला शिकवलंस, हे मी नाकारत नाय. "ऐकणारा आधी, वाजवणारा मागून," हे तुझंच वाक्य. पण भाताची आवण काढायची आणि लावायची दोघांनी, आणि पीक एकाच्या घरात, हे कुठलं जॅझ?

रेकॉर्ड नेटवर आली त्या सकाळी मी अंगणात खाट टाकून अक्षयने दिलेले मोठे हेडफोन लावले. पांढरी चिकटपट्टी लावलेली बाजू डाव्या कानाला, त्याने सांगितलं होतं तशीच. म्हणजे उलटसुलट घातले असशील असं म्हणायची सोय नाय. पहिलं गाणं लागलं. तू. फक्त तू. तुझं नख तारेला लागतं तेसुद्धा ऐकू आलं. आणि मी? शेजारच्या खोलीत कोणीतरी रेडिओ लावून विसरलाय, तेवढा. 'चिखलणी' या गाण्यात तर मी सुरुवातीपासून शेवटापर्यंत श्वास घेत नाय, तिथेही तूच. तुझा एक सूर, मग शांतता, मग एक सूर. ज्या शांततेत मी माझा जीव ओतला ती शांतता मोकळी सोडून दिलीय.

आता खरी गंमत ऐक. तेच गाणं मी मोबाईल हातात धरून, हेडफोन न लावता वाजवलं. तर मी आहे! छान आहे! म्हणजे काय झालं ते मी ओळखलंय. अक्षयने दोन बनवलेत. मोबाईलवर ऐकणाऱ्या आमच्यासारख्यांना गप्प करायला एक, आणि हेडफोन लावून बसणाऱ्या जाणकारांसाठी दुसरं. जाणकारांच्या रेकॉर्डमध्ये संदेश नाय. बेंजो पार्टीत वाजवणारा माणूस ना मी, हळदीतला. त्याला जॅझमध्ये कशाला ठेवायचं?

आणि गिरणीत तिसऱ्या दिवशी तू काय केलंस ते मला दिसलं नाय असं समजू नको. दोन दिवस माझ्या डावीला बसलास. तिसऱ्या दिवशी मी चहा पिऊन वर येतो तर तुझी खुर्ची माझ्या उजवीला. गोण्या पण सरकवलेल्या. अक्षय खाली मान घालून वायर गुंडाळतोय. मी तेव्हाच म्हटलं होतं, ही माझी बाजू आहे, तू तिकडे जा. तू गेलास. पण तुमचं दोघांचं काहीतरी ठरलेलं होतं.

ठाण्याच्या लोकांनी २२ फेब्रुवारीला आपल्या दोघांना हॉलमध्ये वाजवायला बोलावलंय. जानेवारी संपायच्या आत दोघांचा होकार पाहिजे. माझी गिटार होती तेवढी वर आणल्याशिवाय मी तुझ्या शेजारी बसणार नाय. आणि आणली नाय तर अक्षयला सांगून माझं नाव काढून टाकीन, मग वाजव एकटा. शांतताच वाजव.

संदेश

ता. क. शेवटच्या दिवशी मी गिरणीत एखादा शब्द जास्त बोललो असेन. तो रागाचा होता. रेकॉर्ड रागाची नाय.

•

उंबरमाळी, १९ नोव्हेंबर
[पोस्टकार्ड]

संदेश,
अक्षयने काय कमी केलेला नाय. भाऊबीजेला फोनवर सांगला तेच. दुसरा काय नाय.
भगीरथ

•

खर्डी,
मंगळवार, २५ नोव्हेंबर

भगीरथ,

उघडं कार्ड! मी दोन पानं लिहिली, वर पाकीट लावलं, आणि तू चव्हाट्यावर टाकावं तसं कार्ड टाकतोस. पोस्टमनने हातात देताना विचारलं, "कमी काय केलेला नाय?" आता सगळ्या खर्डीला माहीत.

फोनवर सांगितलं म्हणे. काय सांगितलंस? मी आठवून आठवून थकलो. तू बोललास हे खरं, आणि मी हां हां म्हटलं हेही खरं. पण कशाला हां म्हटलं ते मला माहीत नाय. वकील लोक असंच करतात, घाईत अंगठा घेतात. लिहून पाठव काय सांगितलंस ते. नाय पाठवणार, कारण लिहिलं की सापडलास.

मी मुरबाडला जाऊन आलो. अक्षयला न सांगता गेलो, म्हणजे तयारी करायला वेळ मिळू नये. गिरणी आता जोरात चालू आहे, भात यायला लागलंय, जिना चढेपर्यंत अंगावर कोंडा. त्याला म्हटलं, लाव 'चिखलणी'. त्याने समोरच्या दोन मोठ्या स्पीकरांवर लावलं. अर्थातच मी ऐकू आलो! मला ऐकवायचं तेव्हा मी असतो. मग मी म्हटलं, आता हेच हेडफोनवर लाव. त्याने लावलं. मी गायब. म्हटलं, बघ! मग त्याने स्वतःच्या कानाला लावून ऐकलं, परत काढलं, आणि म्हणाला, "दादा, तुमी एकदा डॉक्टरकडे…" मी पुढचं ऐकायला थांबलोच नाय. म्हणजे आता मला वेडा ठरवायचं. बायकोला नांदवायचं नसलं की तिला वेडी ठरवतात, तशातली गत. परत जिना उतरून आलो.

येताना धसईला सासऱ्यांकडे गेलो. पायी चाललो होतो, एक टेम्पो मागून येऊन असा घासून गेला की शर्टाची बाही काळी झाली. हॉर्न नाय, काय नाय. आजकाल लोक हॉर्नच वाजवत नायत. हे उगाच लिहिलं, त्याचा तुझ्याशी संबंध नाय.

अजून एक. नेटवर कोणीतरी लिहिलंय, "दोन मित्र आहेत असं वाटतं. एक बोलायचा थांबत नाय, दुसरा त्याचं बोलणं संपायची वाट बघत नाय, फक्त ऐकतो." नाव परक्याचं आहे, नाशिकचं. मी दोनदा वाचलं. माझ्या गिटारचं नावच नाय तर हा थांबत नाय कोणाला म्हणतोय? मग लक्षात आलं. हे तूच कोणाला तरी सांगून लिहून घेतलंस. संदेश ऐकू येतो असा पुरावा तयार करायला. भगीरथ, तू एवढा हुशार कधी झालास रे?

संदेश

•

खर्डी,
गुरुवार, १८ डिसेंबर

भगीरथ,

उत्तर नाय. ठीक. मग मी लिहितो ते वाच.

काल नम्रताला तुझ्याशी फोनवर बोलताना पकडली. ही माझी लग्नाची बायको. ओट्यापाशी उभी, तोंड भिंतीकडे. मी दारात उभा राहिलो तरी तिला पत्ता नाय, की मला वाटलं पत्ता नाय. "कोण?" विचारलं तर म्हणाली, "भगीरथदादा. तुमची तब्येत विचारत होते." माझी तब्येत! मी काय आजारी आहे? मला विचारायची सोडून माझ्या बायकोला? तिचे कान कोणी भरलेत ते आता मला कळलं. कारण घरात चार महिने काय चाललंय ते मी बघतोय. आधी ती जेवायला माझ्या डावीला बसायची, पंधरा वर्षं. हल्ली उजवीला बसते. का, तर म्हणे इकडे वारा येतो. मला हाक मारायची तर लांबून मारत नाय, जवळ येऊन खांद्याला हात लावते. चोरासारखी. घरातली माणसं अशी वागायला लागली की घर आपलं राहत नाय.

आणि तू बेंजो पार्टीत पण पोचलास. नाकारू नको. तुळशीचं लग्न झालं आणि हळदी सुरू झाल्या. धसईच्या पार्टीत मी चौदा वर्षं पुढे उभा राहतो. स्टेजच्या डाव्या टोकाला, स्पीकरच्या भिंतीला खेटून, ही माझी जागा. यंदा दुसऱ्याच हळदीला पार्टीचा मालक कोंडू म्हणाला, "संदेश, तू जरा मागे उभा रहा. तू तालाच्या आधीच उचलतोस." मी? आधी? ज्याच्या मागे अख्खी पार्टी चालते तो? म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?" तर म्हणतो, "कोणी कशाला सांगायला पाहिजे, ऐकू येतं ना." बघ, सगळ्यांना सगळं ऐकू येतं. कानामागून आली नि तिखट झाली, तशी ती कालची पोरं पुढे, आणि मी मागे ताशावाल्याच्या शेजारी. घरी आलो आणि गिटार पेटीत टाकली. चार दिवस काढली नाय.

तुला वाटत असेल मी रागावलोय. रागावलो नाय मी, घाबरलोय. लिहिलं एकदाचं. मला दुसरं काय येतं रे? बापाची दीड एकर भाऊ करतो. मी त्यात कधी उतरलो नाय, माझी बोटं खराब होतील म्हणून. मला दोन बोटांच्या मधे गिटार आहे म्हणून मी माणूस आहे. ती रेकॉर्डवर नाय, पार्टीत मागे, घरात बायको चोरून बोलते. मग उरलं काय?

ठाण्याच्या लोकांना नकाराचं पत्र लिहून ठेवलंय. संदेश यांचे नाव वगळावे, पुढे कधीही दोघांना एकत्र बोलावू नये. सही केलीय. संक्रांतीपर्यंत खिशात ठेवतो. तोवर तू काय ते कबूल कर. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी टाकणार. आणि मग तू आणि मी संपलो.

शेवटच्या दिवशी मी काय बोललो ते मला आठवत नाय. तुला आठवत असेल तर विसर.

संदेश

•

उंबरमाळी, २९ डिसेंबर
[पोस्टकार्ड]

संदेश,
नकार पाठवू नको. आधी एक काम कर. 'आवण' मैनाकाकूला ऐकव. गाणा तिचा हाय. अजून तिला कोणी ऐकवलाच नाय.
भगीरथ

•

खर्डी,
रविवार, ११ जानेवारी

भगीरथ,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला बसलोय. पहिली दोन फाडली.

तुझं कार्ड आलं तेव्हा मी म्हटलं, ही नवी चाल. आईला मधे घालतोय. पण मनात टोचलं. ज्याचं नाव रेकॉर्डला दिलं ते 'आवण' हे गाणं आईचंच. लावणीच्या वेळी बायांच्या दोन रांगा करून ती म्हणायची, अर्धी ओळ या रांगेने म्हणायची, अर्धी त्या रांगेने उचलायची. तू तिच्या ओट्यावर बसून ते तीन दिवस ऐकलंस आणि मग आपलं पहिलं गाणं केलंस. मी तिचा मुलगा असून रेकॉर्ड आल्यापासून अडीच महिन्यांत तिला ऐकवली नाय. स्वतःला शोधण्यात मी इतका गुंतलेलो.

आज सकाळी ती अंगणात वाल सोलत बसलेली. म्हटलं, "आई, तुझं गाणं ऐकतेस?" म्हणाली, "लाव की. माझा गाणा आणि मीच कशी नाय ऐकलेली?" मी मोठे हेडफोन दिले. तिने कोणाला न विचारता आपलेच उचलून डोक्यावर चढवले, अंबाड्यावरून, पट्टीची बाजू उजव्या कानाला. उलटे. मी म्हटलं राहू दे, तिला काय फरक पडतो.

गाणं लागलं आणि भगीरथ, तिने वालाची शेंग हातात तशीच धरली. मग हसायला लागली. उजव्या कानाकडे बोट केलं, "तू हिकडं." डाव्या कानाकडे, "भगीरथ तिकडं." मी म्हटलं, "आई, मी नाय गो त्याच्यात." तर म्हणते, "नाय कसा? तू तर थांबतच नायस! त्या पोराला एक सूर मारू देत नायस. लहानपणी जेवताना असाच बडबडायचास." आणि डोळे पुसले तिने. मग हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवले स्वतःच्या हातांनी. "ऐक तू पण."

तिने घातले ते तसेच, उलटे.

आणि मी आलो. पूर्ण. उजव्या कानात धो धो मी, एक सूर कमी नाय. माझी बोटं, माझी घाई, पुढे 'चिखलणी'त मी जिथे चुकून दुसऱ्या तारेवर गेलो आणि तू हसलास तेसुद्धा. आणि तू नाय. तू गेलास शेजारच्या खोलीत, रेडिओसारखा.

मी हेडफोन फिरवले. तू आलास, मी गेलो. परत फिरवले. मी आलो, तू गेलास. असं किती वेळा केलं ते माहीत नाय. आई म्हणाली, "काय करतोस रे, तुटतील ते." मग मी फक्त उजव्या कानाने ऐकलं, मग फक्त डाव्याने. डाव्यात जवळजवळ काय नाय.

अक्षयने दोन रेकॉर्ड बनवल्या नायत, एकाच रेकॉर्डमध्ये एका कानात मला नि दुसऱ्या कानात तुला ठेवलंय. मीच अर्धा ऐकत होतो.

आता जे लिहितो ते मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी सरळगावच्या हळदीनंतर डावा कान चार दिवस वाजत होता. शहापूरच्या डॉक्टरने चिठ्ठी दिली, कल्याणला तपासणी करून या म्हणून. ती चिठ्ठी मी गिटारच्या पेटीत, वायरच्या खाली ठेवली. आमच्या पार्टीत थट्टाच असते, कान वाजला की वाजवणारा पक्का झाला. मी पण हसलो होतो. चौदा वर्षं डावा कान स्पीकरच्या भिंतीला लावून उभा राहिलो आणि तो गेला तर मला वाटलं, मी लक्ष दिलं नाय तर जाणार नाय. मग सगळे पुटपुटायला लागले. टेम्पोवाले हॉर्न वाजवेनात. फोनसुद्धा मी डाव्याच कानाला लावायचो, उजवा हात गिटारवर ठेवायची सवय म्हणून. भाऊबीजेला तू काय सांगितलंस ते आता मला न ऐकताच कळलंय.

नम्रता दारात उभी होती. तिला म्हटलं, "तुला माहीत होतं?" म्हणाली, "ती चिठ्ठी मला गणपतीत सापडली. वाटलं तुमी स्वतः सांगाल." मला तिच्याकडे बघवेना.

आणि शेवटच्या दिवशी गिरणीत मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. विसरलो नव्हतो. तू पुन्हा उजवीला बसायला आलास म्हणून अक्षयच्या देखत म्हणालो, "रिसॉर्टवर ताटं उचलायचास तेच बरं होतं, तुला कोणाच्या पंक्तीला बसायची अक्कल नाय." तू गिटार पिशवीत घातलीस आणि जिना उतरलास. मी वरून बघत होतो. हाक मारली नाय.

मंगळवारी कल्याणला तपासणीला जातोय, नम्रता बरोबर येतेय. डॉक्टर काय सांगणार ते मला ठाऊक आहे. नकाराचं पत्र अजून खिशात आहे. आता ते वेगळ्या कारणाने टाकावं लागेल असं वाटतंय. अर्ध्या कानाच्या माणसाने दोन गिटारींच्या रेकॉर्डचं काय करायचं?

क्षमा माग म्हणून तुला तीन पत्रं लिहिली. आता मी मागतोय.

संदेश

•

उंबरमाळी,
२० जानेवारी

संदेश,

कार्डावर मावणार नाय म्हणून माझ्या पोरीच्या, हर्षालीच्या वहीतला कागद घेतलाय. मला जास्त लिहायची सवय नाय, समजून घे.

गिरणीत पहिल्याच दिवशी मी तुला तुझ्या डावीकडून तीन वेळा हाक मारली. तू बघितलाच नाय. अक्षयने बघितला. मग वाजवायला बसलो तर मी सूर काढायचो आणि तू त्याच्यावरून जायचास. मला आधी वाटला मुद्दाम. मग कळला, तुला मी ऐकूच येत नाय. तुझा पाय बघून मी वाजवायला लागलो. तुझी टाच उचलली की तू दम घेतोस, तिथे मी एक सूर ठेवायचो. म्हणून मी एवढा कमी वाजवलाय. लोक म्हणतात भगीरथ किती थांबतो. मी थांबलो नाय, जागा शोधत होतो.

तिसऱ्या दिवशी उजवीला आलो, तुला मी ऐकू यावा म्हणून. दुसरा काय नव्हता.

तोंडावर सांगायला पाहिजे होता. नाय सांगला. गिटार वाजवणाऱ्याला कान गेला म्हणून कसा सांगायचा? फोनवर सांगला, तू हां हां म्हणालास. मला वाटला तुला माहीत हाय आणि बोलायचा नाय. म्हणून मग मी पण गप्प बसलो. वहिनीला विचारायचो, कान दाखवला काय म्हणून. तेवढाच.

ताटांचा सांगतो. रिसॉर्टवर तो म्हातारा गोवेकर गिटारवाला सगळ्यांच्या शेवटी जेवायचा. त्याचा ताट मी झाकून ठेवायचो. सहा महिने ठेवला तेव्हा त्याने मला पहिला सूर दाखवला. ताटा उचलली म्हणून गिटार मिळाली. मला त्याची लाज नाय. तू बोललास तेव्हा मला लागला, ते ताटांचा नाय लागला. पंक्तीचा लागला. वीस वर्षं तुझ्या पंक्तीला बसतोय असा मला वाटायचा.

आता एक विचारतो. वहिनीने सांगला, उजवा कान चांगला हाय. एका कानाने पण ऐकू येतो रे, माणूस त्या बाजूला बसवायचा असतो. पण कान चांगला होता तेव्हा तरी तू मला ऐकायचास काय? वीस वर्षांत तू थांबलेला मी बघितला नाय. मी काय वाजवतो ते तुला ऐकायचा हाय की मी थांबलो की तुला भरायला जागा पाहिजे? ह्याचा उत्तर दे. मग ठाण्याचा बघू.

भगीरथ

•

खर्डी, २७ जानेवारी
[पोस्टकार्ड]

प्रिय भगीरथ,
नकार फाडला, होकार पाठवलाय. तुझी खुर्ची माझ्या उजवीला ठेवायला सांगितलीय.
आधी तू वाजव. तू थांबलास की मीही थांबेन.
संदेश